रात्री उठणार कोण?

स्टुटगार्टजवळच्या आमच्या गावात उन्हाळा आला की दर दुसऱ्या घरासमोर एखादी कॅम्पर व्हॅन धुऊन-पुसून उभी असते. आम्हीही घ्यायची ठरवली, तेव्हा इंजिन, मॉडेल, रंग हे सगळं मागे राहिलं आणि झोपायचं कसं हा प्रश्न पुढे आला. माणसं चार. नवऱ्याची उंची १८६ सेंटीमीटर. मुलगी शाळेत जाणारी, झोपेत लाथा मारणारी. दर उन्हाळ्यात नाशिकहून येणाऱ्या सासूबाईंचे गुडघे दुखरे. आणि मी, थोड्या आवाजानेही जाग येणारी. विकत घेण्याआधी वेगवेगळ्या रचनांच्या गाड्या भाड्याने घ्यायच्या आणि प्रत्येकीत रात्री काढून बघायच्या, असं आम्ही ठरवलं. या खटाटोपात जे समजलं ते इथे मांडते.

सुरुवातीलाच सासूबाई म्हणाल्या, "झोपायचं काय गं, मी कुठेही झोपेन. रात्री उठायचं कसं, तेवढं सांग." पुढे प्रत्येक गाडीला आम्ही हाच प्रश्न विचारला.

युरोपात रस्त्यावर दिसणाऱ्या कितीतरी कॅम्पर व्हॅन फियाट डुकाटोच्या मालवाहू गाडीवर बांधलेल्या असतात. तिची आतली रुंदी जास्तीत जास्त सुमारे १८७ सेंटीमीटर. गाडी ५.४१ किंवा ५.९९ मीटर लांबीची असेल, तर मागच्या दारांजवळ बहुधा आडवा पलंग असतो, म्हणजे डोकं एका भिंतीला आणि पाय दुसऱ्या भिंतीला. जागेची बचत यात सर्वांत जास्त. पलंगाखाली सायकली, खुर्च्या, पाण्याचे कॅन मावतात आणि सहा मीटरच्या आतली गाडी गावातल्या पार्किंगमध्येही उभी राहते. कित्येक फेरी बोटींचे दर लांबीवर ठरतात, तिथेही फायदा होतो.

पण नवऱ्याला तिथे पाय ताणता येईनात. भिंतीचा पत्रा, इन्सुलेशन आणि आतलं पॅनेल यांतून उरेल तीच खरी लांबी. काही कंपन्या भिंतीला बाहेरून फुगवटा देऊन ती वाढवतात, पण फुगवटा पायाच्या उंचीवर आहे की खांद्याच्या, हे आडवं झाल्याशिवाय समजत नाही. त्याहून मोठी अडचण आत झोपणाऱ्याची. मागच्या दाराकडे झोपलेल्या माणसाला उतरायचं तर दुसऱ्याला ओलांडावं लागतं. एक जण उठला की दोघं जागे. ज्या जोडप्याला सलग झोप लागते आणि ज्यांची उंची पावणेसहा फुटांच्या आत आहे, त्यांनी ही रचना निःशंक घ्यावी. आमच्या घरात ती बसत नव्हती.

नंतर ६.३६ मीटरची गाडी घेतली. त्यात गाडीच्या लांबीच्या दिशेने दोन वेगळे पलंग आणि मधे चिंचोळी वाट. इथे लांबीचा प्रश्न सुटला आणि ओलांडण्याचाही. प्रत्येकाची आपली गादी, आपलं पांघरूण, आपली उतरायची जागा. मधल्या फटीत फळी आणि उशी टाकली की मोठा पलंगही होतो. मात्र खाली सामानाची जागा वाढवण्यासाठी हे पलंग अनेकदा बरेच उंच बांधतात आणि दोन-तीन पायऱ्या चढाव्या लागतात. वर छत जवळ येतं. गादीवर ताठ बसून डोकं छताला लागत नाही ना, हे बघायलाच हवं. पुस्तक वाचायचं, औषध घ्यायचं, सदरा बदलायचा, सगळं बसूनच करायचं असतं.

दिवसा टेबल आणि रात्री पलंग अशी जोडणीही आम्ही वापरली. टेबल खाली उतरवायचं, बाकांच्या उशा ठरावीक क्रमाने लावायच्या. कागदावर यामुळे झोपणाऱ्यांची संख्या वाढते. प्रत्यक्षात सगळे एकाच वेळी झोपले आणि एकाच वेळी उठले तरच हे जमतं. मुलगी साडेआठला पेंगायला लागली की आम्हाला चहा प्यायलाही जागा उरत नसे, आणि सासूबाई पहाटे पाचला उठून जपाला बसणार तर बसायचं कुठे? शिवाय उशांच्या सांध्यांवर पाठ टेकली की वयस्कर माणसाला सकाळी त्रास होतो. एखाद्या रात्रीच्या पाहुण्यासाठी ही सोय ठीक, रोजच्यासाठी नाही.

यात आणखी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. गाडीत किती जण झोपू शकतात आणि किती जण कायद्याने प्रवास करू शकतात, हे दोन वेगळे आकडे आहेत. जर्मनीत चालत्या गाडीत प्रत्येकाने सीटवर बसून पट्टा लावायचा असतो. पलंगावर आडवं होऊन जाता येत नाही. सासूबाईंची कंबर दोन तासांत अवघडते, म्हणून आम्ही वाटेत थांबतो आणि त्या अर्धा तास पडतात. अशा वेळी गादी तयार हवी. हमरस्त्यावरच्या थांब्यावर कोण टेबल उतरवणार आणि उशा जुळवणार? कायम मांडलेला पलंग दिवसाही किती उपयोगाचा असतो, हे मला इथे पटलं.

मुलीला सर्वांत आवडलं ते वर उघडणारं छत. त्याच्या कापडी भिंतींतून तिला बोडनसेच्या काठावरची झाडं दिसत होती. उन्हाळ्यातल्या कोरड्या रात्री त्याला तोड नाही. पाऊस-वारा सुरू झाला की कापड फडफडतं, गारठा आत येतो, आणि ओलं छत सकाळी तसंच मिटलं तर पुढच्या मुक्कामी ते आधी वाळवावं लागतं. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा बंदिस्त पलंग, आमच्या भाषेत पोटमाळा, थंडीसाठी जास्त चांगला. मुलांना तो हक्काची खोली वाटतो. फक्त पडू नये म्हणून जाळी हवी, शिडी पक्की अडकणारी हवी, आणि वर छोटी खिडकी हवी, नाहीतर उन्हाळ्यात गरम हवा तिथेच कोंडते.

दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस ड्युसेलडॉर्फला कॅराव्हान सलोन हे मोठं प्रदर्शन भरतं. तिथे एकाच दिवसात अनेक रचना बघता आल्या. भिंतीला लावलेला, पायाकडे कोपरा कापलेला फ्रेंच पलंग ठेंगणा आणि चढायला सोपा असतो, पण भिंतीकडच्या माणसाची अडचण तीच. मधोमध ठेवलेला, दोन्ही बाजूंनी उतरता येणारा पलंग झोपायला उत्तम. त्याच्याभोवती वाट सोडावी लागते, म्हणून गाडी सात मीटरच्या आसपास जाते. आम्ही प्रत्येक पलंगावर बूट काढून चढलो, कुशीवर वळलो, मग डोळे मिटून हाताने चाचपडत संडासापर्यंत गेलो. विक्रेत्यांना याचं काही नवल वाटलं नाही. नीट बघणारी माणसं तिथे असंच बघतात.

शेवटी आम्ही एका कुटुंबाकडून जुनी मोटारहोम घेतली. बाहेरून सुमारे २३० सेंटीमीटर रुंद आणि लांबीला सात मीटरच्या आत. मागे दोन वेगळे, ठेंगणे पलंग. चढायला एकच पायरी, खाली गॅरेजऐवजी कपड्यांची कपाटं. पलंगांना लागूनच संडास-बाथरूम. पुढे टेबलाच्या वर छताला चिकटलेला, खाली ओढता येणारा पलंग. सासूबाई असतात तेव्हा मागे आजी-नात झोपतात आणि आम्ही दोघं पुढे. त्या नाशिकला परतल्या की आम्ही मागे आणि मुलगी पुढच्या पलंगावर. पुढचा पलंग पूर्ण खाली आला की काही गाड्यांत बाहेर जायचं दार अडतं. आमचा अर्ध्या उंचीवर थांबतो, त्यामुळे खालून वाकून दारापर्यंत जाता येतं. घेण्याआधी हे मुद्दाम तपासलं होतं.

राहायला लागल्यावर आणखी तीन गोष्टी पक्क्या झाल्या. पहिली ओल. चौघांचा श्वास आणि घाम रात्रभर थंड भिंतींवर आणि गादीखाली जमतो. गादी सरळ फळीवर असेल तर बुरशी धरते. लाकडी पट्ट्यांची चौकट किंवा जाळीदार थर खाली हवाच, आणि सकाळी गादी उचलून उभी करायची. दुसरी गोष्ट उतार. जागा थोडी कलती असली तरी आडव्या पलंगावर माणूस जोडीदाराच्या अंगावर घरंगळतो किंवा डोक्याकडे रक्त उतरतं. चाकाखाली ठेवायचे उतरते ठोकळे नेहमी बरोबर असावेत, आणि डोकं चढाच्या बाजूला.

तिसरी गोष्ट वजन. जर्मनीच्या बी वर्गाच्या परवान्यावर साडेतीन टनांपर्यंतची गाडी चालवता येते. वरचा पलंग, त्याची यंत्रणा, पाणी, गॅस, चार माणसं आणि सासूबाईंचं पोळपाट-लाटणं धरून गाडी वजनकाट्यावर नेली, तेव्हाच किती सामान मावेल ते ठरवता आलं. जास्तीचा प्रत्येक पलंग इतर सामानाची जागा खातो.

तुम्ही गाडी घेणार असाल तर माहितीपत्रकातला 'इतक्या जणांची सोय' हा आकडा बाजूला ठेवा. घरातल्या माणसांची यादी करा आणि प्रत्येकाच्या नावापुढे लिहा: रात्री किती वेळा उठतो, पायरी चढू शकतो का, सर्वांत आधी कोण झोपतो, सर्वांत आधी कोण जागा होतो. मग ती माणसं बरोबर घेऊन गाडी बघायला जा आणि प्रत्येकाला पलंगावर चढायला आणि अंधारात उतरायला लावा. घरातल्या सर्वांत अशक्त माणसाला जिथून कुणालाही न उठवता उतरता येतं, ती रचना घ्या. तरण्याताठ्यांना तीच रचना आपोआप सोयीची होते.