इसार देण्यापूर्वी

बीड जिल्ह्यात ज्या वास्तू सभागृह म्हणून दाखविल्या जातात, त्या बहुतेक मूळच्या मंगल कार्यालयेच असतात; आणि लग्नकार्यासाठी उभारलेल्या अशा वास्तूत बियाण्यांच्या कंपनीचा विक्रेता-मेळावा, पतसंस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा किंवा सिमेंटच्या वितरकांचे स्नेहसंमेलन यथासांग पार पाडून देणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे, जागेची समक्ष पाहणी हाच त्यातील सर्वांत जोखमीचा भाग होय, असे माझे दृढ मत झाले आहे. मोठ्या शहरांतील अधिकारी छायाचित्रे मागवितात, दूरध्वनीवर भाडे ठरवितात आणि इसाराची रक्कम पाठवून निश्चिंत होतात, याचा मला मनापासून खेद वाटतो. कारण छायाचित्रातले दालन रिकामे असते आणि समारंभ भरलेल्या दालनात व्हावयाचा असतो.

‘हजार माणूस आरामात बसते’ असे मालक सांगतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. लग्नाला आलेली मंडळी अक्षता टाकून पंगतीकडे वळतात, निम्मी बाहेर मांडवात उभी असतात, आणि वक्त्याचे भाषण ऐकण्याचे दायित्व तेथे कोणावरच नसते; सभेला मात्र सारे एकाच वेळी बसतात आणि दोन-तीन तास बसूनच राहतात. म्हणून मी मोजपट्टी बरोबर नेतो. पाच हजार चौरस फुटांच्या दालनातून व्यासपीठ, नोंदणीची मेजे आणि चहाची जागा यांचे हजार फूट वजा केले, आणि वाटा धरून दर खुर्चीस दहा फूट दिले, तर तेथे चारशे माणसे नीट बसतात. हा हिशेब मालकासमोरच मांडावा. त्यात त्याचा अवमान नाही.

मोजमापापेक्षाही अधिक विचार करावयाचा तो काळाचा. सहकारी संस्थांच्या 1960 च्या कायद्याप्रमाणे वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, घ्यावी लागते. त्यामुळे आमच्याकडील सभा ऐन भाद्रपदाच्या पावसात भरतात आणि त्यांच्या जागा पुष्कळदा वैशाखाच्या उन्हात पाहिल्या जातात. पत्र्याच्या छपरावर पावसाची सर कोसळू लागली की अहवालवाचन दुसऱ्या रांगेलाही ऐकू जात नाही, आणि वाहनतळावरची काळी माती भिजली की गाड्यांची चाके रुततात. उन्हाळ्यात हे दिसत नसले तरी त्याच्या खुणा दिसतात: भिंतीच्या पायथ्याशी उतरलेली ओल, छपराच्या सांध्यांखालचे डाग, आवाराचा उतार. बीड शहरातून वाहणाऱ्या बिंदुसरेच्या काठालगतची जागा असेल तर नदीच्या पात्रापासून तिची उंची मी आवर्जून पाहतो. 1989 च्या जुलैतला पूर या शहराने सोसला आहे, आणि त्यानंतर नदीकाठच्या मोकळ्या मैदानाकडे केवळ विस्ताराच्या मोहाने पाहणे मला अक्षम्य वाटते.

पाण्याची चौकशीही अशीच ऋतूप्रमाणे करावी लागते. ज्या जिल्ह्यात 2013 साली पाण्याअभावी परळीचे औष्णिक विद्युत केंद्र बंद ठेवावे लागले, तेथे ‘बोअर आहे’ या उत्तरावर समाधान मानता येत नाही. एप्रिलात त्या बोअरला किती पाणी असते, टँकर कोठून येतो आणि त्याचे पैसे भाड्यात धरले आहेत की वेगळे, हे सारे विचारून घ्यावे. दसऱ्यानंतरच्या कार्यक्रमांस आणखी एक पेच असतो. ऊसतोड कामगारांची कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन कारखान्यांकडे निघून जातात, गावेच्या गावे ओस पडतात, आणि मांडव घालणारे, वाढपी, भांडी घासणाऱ्या बाया यांची वाण पडते. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास मन्मथस्वामींच्या यात्रेसाठी दिंड्या कपिलधारकडे चाललेल्या असतात, तेव्हा मांजरसुंब्याच्या बाजूने येणाऱ्या पाहुण्यांच्या रस्त्याचाही विचार करावा लागतो.

दालनात गेल्यावर मी प्रथम शेवटच्या रांगेच्या जागी जाऊन उभा राहतो आणि सहकाऱ्याला व्यासपीठावरून काही नावे वाचावयास सांगतो, आधी ध्वनिक्षेपकाविना आणि मग ध्वनिक्षेपकावरून. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती आणि वर पत्रा अशा दालनात शब्द एकमेकांत मिसळतात, आणि आष्टी-पाटोद्याहून पुरस्कार घ्यावयास आलेल्या विक्रेत्याला स्वतःचेच नाव कळू नये, ही स्थिती मला कोणत्याही भोजनातील उणिवेपेक्षा अधिक लाजिरवाणी वाटते. पडद्यावर चित्रे दाखवावयाची असतील तर ज्या प्रहरी ती दाखवावयाची त्याच प्रहरी पडदा लावून पाहावा; पश्चिमेच्या खिडक्यांतून येणारे चार वाजताचे ऊन सकाळच्या पाहणीत कसे दिसणार? जनित्रही मी सुरू करावयास लावतो, आणि तेही वातानुकूलन, दिवे व स्वयंपाकघर यांचा सगळा भार त्यावर घालून.

मागच्या दाराविषयी मात्र मी कोणतीही तडजोड करीत नाही. 23 डिसेंबर 1995 रोजी हरियाणातील डबवाली येथे शाळेच्या समारंभात मांडवाला आग लागली आणि चारशेहून अधिक जीव गेले, त्यांत लहान मुले पुष्कळ होती. ती जागाही लग्नसमारंभाचीच होती आणि बाहेर पडण्यास पुरेशा वाटा तेथे नव्हत्या. आपल्याकडच्या कार्यालयांतून मागच्या दाराशी गाद्यांचे ढीग आणि जास्तीच्या खुर्च्या रचलेल्या असतात, दाराला कुलूप असते आणि किल्ली रखवालदाराजवळ असते. ते दार मी उघडावयास लावतो, त्यातून स्वतः बाहेर जातो आणि पलीकडे रस्ता आहे की कुंपण, ते पाहतो. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार जानेवारी व जुलै या दोन महिन्यांत द्यावयाचे नमुना ‘ब’चे प्रमाणपत्रही मागतो, ते दाखविण्यात दिरंगाई झाली तर जागा कितीही देखणी असो, माझी शिफारस तिला मिळत नाही.

एवढे झाल्यावरही मी इसार लगेच देऊ देत नाही. त्याच कार्यालयात दुसऱ्या कोणाचे कार्य असेल त्या दिवशी, मालकाची परवानगी घेऊन, पुन्हा एकदा जाऊन येतो. गर्दीत स्वच्छतागृहांची अवस्था काय होते, वाहने रस्त्यावर किती लांब उभी राहतात, उकाडा किती वाढतो, हे पाहतो. त्यानंतरच करारनामा लिहावयास घेतो, आणि मागचे दार समारंभाच्या संपूर्ण वेळात उघडे राहील, ही अट त्यात भाड्याच्या आकड्याच्याही आधी घालतो.