रोहीचे भाऊबंद

भामचंद्राच्या डोंगरावर बसलं की चाकणच्या शेडांचे पत्रे खाली उन्हात चकाकतात. तुकोबांच्या एकांताचा हा डोंगर, काळ्या कातळाचा. परवा तिथेच मुलाने विचारलं, "बाबा, इथे खणलं तर जुन्या प्राण्यांची हाडं मिळतील?" अवघड आहे, म्हटलं. आपला दगड लाव्हाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. लाव्हा हाडं जाळतो. जपतो तो गाळ.

फाउंड्रीत उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागत नाही. लोखंड तापट, आकार धरून ठेवते ती साच्यातली मऊ वाळू. उत्तरेत शिवालिकच्या नद्यांनी असाच गाळ अंथरला. त्यात ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वीच्या एका कुरंगासारख्या खुरी प्राण्याची हाडं दगड होऊन राहिली. ट्रॅगोपोर्टॅक्स. (एखाद्या जर्मन मशीनचंच नाव वाटतं.) जीवाश्मतज्ज्ञ बार्नम ब्राउन यांनी 1922 मध्ये शिवालिकमधून जीवाश्म गोळा केले आणि भूशास्त्रज्ञ गाय पिलग्रिम यांनी 1937 मध्ये या प्रजातीला हे नाव दिलं. नराची शिंगं चपटी, बुडाशी त्रिकोणी. हा गडी ग्रीसपर्यंत पसरलेला होता.

मग हवा कोरडी पडत गेली, झाडी विरळ झाली, गवत माजलं. त्या उलथापालथीत हे घराणं ओसरलं. तिथे लाखो वर्षं लागली. इथल्या महाळुंगे-खालुंब्र्याच्या माळाचे प्लॉट मात्र माझ्या डोळ्यांदेखत पडले. मीही त्यातल्याच एका कंपनीचा पगार खातो, तेव्हा तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

या गोतावळ्यातले आज दोनच वारस उरलेत. एक नीलगाय, विदर्भातली रोही, रात्रीत पीक फस्त करते म्हणून शिव्या खाणारी. दुसरा चौशिंगा, मेळघाट-ताडोब्याच्या झाडीत चाहूल लागताच दडणारा. मला हाच जास्त आवडतो. चार शिंगं वागवणारा रानातला दुसरा सस्तन प्राणी जगात नाही, आणि हा एवढा वैभवाचा धनी जेमतेम भारत-नेपाळपुरता उरला आहे.

घरी आल्यावर मुलाने चौशिंग्याच्या शिंगांचं माप विचारलं. मागची शिंगं फार तर दहा-बारा सेंटीमीटर, पुढची तीन-चार. माझ्या पिशवीतला सहा इंची व्हर्नियर कॅलिपर दोन्ही जोड्यांना पुरतो.