आंघोळीआधीची पाटी

जपानला निघालेल्या मराठी माणसाला सगळ्यात जास्त धास्ती असते ती भाषेची, आणि ती टोकियोच्या विमानतळावरच ओसरते. प्रसाधनगृह, सामान, रेल्वे, पाणी, सगळीकडे चित्रं हाताला धरून नेतात. याचं बरंचसं श्रेय 1964 च्या ऑलिंपिकला आहे. कात्सुमी मासारू यांच्या देखरेखीखाली तरुण डिझायनरांनी तेव्हा खेळांची आणि सोयीसुविधांची चिन्हं आखली. येणाऱ्या पाहुण्यांना जपानी वाचता येणार नव्हतं, आणि सगळ्यांच्या भाषांत पाट्या लिहिणं यजमानांना परवडणारं नव्हतं. ही चिन्हं जगभर वापरता यावीत म्हणून त्यांनी त्यांवरचे हक्कही सोडून दिले. हे औदार्य मला त्या स्पर्धेतल्या पदकांपेक्षा मोठं वाटतं. पण ग्राफिक डिझाइनमुळे संस्कृती एकमेकींना समजतात, असं जे सर्रास म्हटलं जातं, ते या चिन्हांवरून सिद्ध होत नाही. त्यांच्यामुळे परक्या देशात वाट सापडते. तिथली माणसं कळायला आणखी काहीतरी लागतं.

क्योतोबद्दल लिहायला सोनेरी मंदिर आणि बांबूचं बन आहेच, पण तिथली गर्दी पाहून माझा उत्साह मावळला. मी रमले ते नकाशात. जपानी नकाशावर बौद्ध मंदिराची खूण म्हणजे डावीकडे वळणारं स्वस्तिक, आणि क्योतोचा नकाशा त्यांनी भरलेला. दारावर, वहीवर, लग्नपत्रिकेवर स्वस्तिक पाहत वाढलेल्या माणसाला या परक्या शहरात एकदम ओळखीचं भेटल्यासारखं होतं. युरोपातून आलेल्याला मात्र तिथे हिटलर दिसू शकतो. म्हणून 2016 मध्ये, पुढच्या ऑलिंपिकची तयारी चालू असताना, परदेशी पाहुण्यांसाठीच्या नकाशांवर त्याऐवजी पॅगोडा काढावा, असा सरकारी प्रस्ताव आला आणि त्यावर वाद झाला. नाझींचं चिन्ह उजवीकडे वळतं, तिरकं उभं असतं, हे सांगून प्रश्न सुटत नाही. ज्यांच्या घरातली माणसं छळछावणीत गेली, ते कोन मोजत बसणार नाहीत. तरीही मला खूण पुसणं पटत नाही. नकाशाला सूची असते. त्या सूचीत एक ओळ वाढवली, तर आशियात ही खूण नाझींच्या कितीतरी शतकं आधीपासून मंगल मानली जाते, हे पाहुण्याला कळेल. पॅगोडा काढला तर त्याला मंदिर सापडेल, एवढंच.

यावर कुणी म्हणेल, पाहुणा काय शिकवणीला आलाय? आक्षेप रास्त आहे, आणि काही ठिकाणी तो मान्यच करायला हवा. दाराकडे धावणारा हिरवा माणूस घ्या. युकिओ ओता यांच्या आराखड्यातून घडलेलं हे चिन्ह आता मुंबईतल्या मॉलच्या जिन्यावरही दिसतं. आग लागली असताना कुणाला संस्कृतीची ओळख करून घ्यायची नसते. तिथे चिन्ह जितकं बिनचेहऱ्याचं तितकं चांगलं. पण प्रवासात अशी घाईची ठिकाणं थोडी असतात. बाकीच्या वेळी आपण मुद्दाम परकं काही पाहायलाच गेलेलो असतो, आणि तिथेही सगळं विमानतळासारखं करून ठेवलं, तर घर सोडायचं कशाला?

क्यूशू बेटावरचं बेप्पू हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. रस्त्याकडेच्या गटारांतूनही वाफा निघतात. निळ्या-तांबड्या कुंडांची तिकीट लावलेली ‘नरकं’ वगळली तरी चालतील. पाहण्यासारखी आहेत ती साधी सार्वजनिक स्नानगृहं. त्यांची जुनी खूण म्हणजे गोल कुंड आणि वर तीन वाफा. नवख्याला ती चहाची टपरी वाटते. त्यामुळे आंतरराष्ट्रीय चिन्ह आणायचा बेत झाला, ज्यात वाफांखाली पाण्यात बसलेली तीन माणसं आहेत. जुन्या खुणेवर जीव असलेल्यांनी विरोध केला, आणि 2017 मध्ये दोन्ही चालतील असं ठरलं. माझा कल अर्थातच जुन्या खुणेकडे, पण नवीन खूण एक गोष्ट जास्त सांगते हे कबूल केलं पाहिजे: इथे एकत्र आंघोळ करतात. वज्रेश्वरीच्या कुंडात कपड्यांसकट उतरणाऱ्या आपल्यासारख्यांना ती सूचना वेळेवर मिळालेली बरी. आत भिंतीवर पुढचा धडा चित्रांत असतो: आधी स्टुलावर बसून अंग स्वच्छ धुवा, केस बांधा, पंचा पाण्यात बुडवू नका. परक्याच्या घरची रीत पाहुण्याचा अपमान न करता शिकवणारी ही चित्रं मला या सगळ्या व्यवहारातला सर्वोत्तम नमुना वाटतात.

आणि सगळ्यात वाईट नमुनाही स्नानगृहाच्या दाराशीच सापडतो. देशभर कितीतरी ठिकाणी टॅटूवर लाल काट मारलेली पाटी असते. रेखाटन म्हणून ती निर्दोष आहे. जगातला कुठलाही माणूस ती क्षणात वाचेल. तिच्यामागे याकुझा टोळ्यांची दहशत आहे, पण पाटीला ते सांगता येत नाही, आणि समोरच्याची कातडी काय सांगते हे ऐकताही येत नाही. 2013 मध्ये होक्काइदोतल्या एका स्नानगृहाने एका माओरी पाहुणीला चेहऱ्यावरच्या टॅटूमुळे परत पाठवलं. माओरींच्या त्या रेषांत वंशावळ असते. ती बाई आदिवासी भाषांच्या परिषदेसाठी आली होती, तीही होक्काइदोत, जिथल्या आदिवासी आयनू स्त्रिया ओठांभोवती गोंदून घेत आणि जिथे 1871 मध्ये मेइजी सरकारने त्या प्रथेवर बंदी घातली. कपाळावर, हनुवटीवर हिरवं गोंदण असलेली आपल्याकडची एखादी आजीही त्या दारातून आत जाऊ शकली नसती. पाटी लावणारे म्हणतील, नियम सर्वांना सारखा हवा, दारातल्या नोकराने कुणाची वंशावळ तपासायची? त्यांची अडचण खरी आहे. पण मग दोष चित्रकाराच्या हाताचा नसून त्याला दिलेल्या कामाचा आहे: त्याला नकार काढायला सांगितला, कारण काढायला सांगितलंच नाही. काही ठिकाणी आता टॅटू झाकायला चिकटपट्टी चालते. खांद्यावरच्या फुलपाखराची त्याने सोय होते. हनुवटीवर पणज्या-खापरपणज्या वागवणाऱ्या बाईने मात्र त्या झाकूनच पाण्यात उतरायचं, आणि तरीही याला पाहुणचार म्हणायचं.