जिभेची साक्ष

पानात पहिला पदार्थ वाढून झाला की वाढणारीच्या तोंडून एक प्रश्न हमखास येतो : ‘कसे झाले आहे?’ जेवणारा म्हणतो, ‘छान.’ या एका शब्दात पदार्थाविषयी किती आणि रांधणाऱ्या हातांविषयी किती, हे वेगळे काढता येत नाही. पाहुणा असेल तर संकोच असतो, जावई असेल तर मान असतो, मुलगा असेल तर त्याचे लक्ष भलतीकडेच असते. घरात ही सरमिसळ कुणाला खटकत नाही. पण ज्याला हजारो अनोळखी माणसांसाठी अन्न तयार करायचे असते, त्याचे या उत्तराने भागत नाही. जिभेची साक्ष भीड, शिष्टाचार, रंग, नाव आणि शेजाऱ्याचा चेहरा यांच्या प्रभावातून सोडवून घ्यायची कशी, या विवंचनेतून विसाव्या शतकात अन्नविज्ञानाची एक शाखा वाढीस लागली. संवेदी मूल्यमापन हे तिचे शास्त्रीय नाव.

या शाखेच्या पूर्वेतिहासात चहाच्या एका कपाची गोष्ट सांगितली जाते. 1920च्या दशकात इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील शेतकी संशोधन केंद्रात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी म्यूरिएल ब्रिस्टल या शैवालतज्ज्ञ सहकारी स्त्रीपुढे चहाचा कप धरला आणि तिने तो नाकारला. कपात आधी दूध ओतले आहे की आधी चहा, हे चवीवरून कळते आणि आपल्याला आधी दूध ओतलेला चहाच आवडतो, असे तिचे म्हणणे होते. असला दावा हसण्यावारी नेणे सोपे होते. फिशर यांनी तो तपासण्याजोगा मानला. प्रयोगांच्या रचनेवरील 1935 सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी या तपासणीचे स्वरूप मांडले : एकूण आठ कप, चार एका रीतीचे, चार दुसऱ्या रीतीचे; ते पुढे ठेवण्याचा क्रम योगायोगावर सोपवलेला. आठांतून चार कप निवडण्याचे 70 प्रकार संभवतात. म्हणून केवळ अंदाजाने सर्व उत्तरे बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक एवढीच उरते. ग्रंथात त्या स्त्रीचे नाव नाही आणि तिने किती कप ओळखले हेही नाही. तिला कोणत्या रीतीने विचारले म्हणजे तिच्यावर अन्याय होणार नाही आणि ऐकणाऱ्याची फसवणूकही होणार नाही, एवढाच फिशर यांच्या विवेचनाचा विषय होता.

आजच्या प्रयोगशाळेतील चवीची खोली याच विचारावर उभी आहे. फिकट, उदासीन रंगाच्या भिंती, मध्ये आडोसे, प्रत्येक आडोशात एकच खुर्ची. न्यायालयातील साक्षीदाराच्या पिंजऱ्याची आठवण व्हावी अशी ती जागा. समोरच्या लहानशा झरोक्यातून नमुना आत सरकवला जातो. रंगावरून मत बनू नये म्हणून प्रसंगी तांबडा दिवा लावतात. नमुन्यांवर तीन अंकी, अर्थहीन क्रमांक असतात. कारण ‘1’ किंवा ‘अ’ असे लिहिले की पहिलेपणाचा मान त्या नमुन्याला चाखण्यापूर्वीच मिळून जातो. एका पद्धतीत तीन नमुने देतात. त्यांतले दोन सारखे असतात, तिसरा वेगळा. वेगळा कोणता, एवढेच सांगायचे. न कळताही बरोबर सांगण्याची शक्यता तीनात एक असते, तेवढी हिशेबातून वजा करावी लागते.

या खोलीत बसणाऱ्या प्रशिक्षित परीक्षकाला दीर्घ काळ तयार करावे लागते. साखरेच्या द्रावणाने गोडाची, कॅफीनच्या द्रावणाने कडूची पायरी त्याच्या जिभेवर पक्की करतात. पापड कुरकुरीत असतो आणि शंकरपाळे खुसखुशीत, हा फरक मराठी घरातले पोर न शिकता जाणते; परीक्षकाला मात्र तो दातांनी मोजून आकड्यांत मांडावा लागतो. मात्र ‘तुम्हांला हे आवडले का?’ हा सर्वांत साधा प्रश्न त्याला विचारायचा नसतो. शिक्षणाने त्याची जीभ इतर खाणाऱ्यांहून वेगळी झालेली असते. तो तराजू असतो, आणि तराजूला भूक नसते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील रोझ मेरी पँगबॉर्न यांनी मेनार्ड अमेरिन आणि एडवर्ड रोसलर यांच्यासह 1965 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाने या शास्त्राची बैठक पक्की केली. भारतात म्हैसूर येथे 1950 साली केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली होती. 1971 साली भारतीय मानक संस्थेने अशा चाचण्यांसाठी मार्गदर्शक मानकही प्रसिद्ध केले.

फरक ओळखणे हा एक प्रश्न; आवड हा दुसरा. हा दुसरा प्रश्न ऐरणीवर आणला तो युद्धाने. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना दिलेल्या शिध्यात पोषणाचा हिशेब चोख होता. तरी त्यातला कितीतरी भाग न खाताच टाकून दिला जाई. डब्यातले उष्मांक डब्यातच राहिले तर सैनिकाच्या अंगी बळ कोठून येणार? शिकागो येथील लष्करी अन्नसंस्थेत डेव्हिड पेरियम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1950च्या सुमारास नऊ पायऱ्यांची एक मोजपट्टी तयार केली. वरच्या टोकाला ‘अत्यंत आवडले’, खालच्या टोकाला ‘अत्यंत नावडले’ आणि बरोबर मध्ये ‘आवडलेही नाही, नावडलेही नाही’. पाककलेचा गंध नसलेल्या शिपायालाही तिच्यावर खूण करता येई. ज्याने हुकूम मानायचा, त्याच्याच आवडीनिवडीला या पट्टीने कागदावर जागा दिली. ही पट्टी पुढे जगभर पसरली.

तिचे भाषांतर मात्र वाटते तितके सोपे नाही. मराठी माणूस ‘बरे आहे’ म्हणतो, तेव्हा त्याने कोणत्या पायरीवर खूण केली असे समजायचे? मोजून बोलणाऱ्याच्या तोंडी ती मोठी पसंती असते. भिडस्ताच्या तोंडी तो सौम्य नकार असतो. टोकाचे शब्द टाळणे ज्या समाजात शिष्टपणाचे लक्षण असते, तेथे पट्टीची दोन्ही टोके रिकामी राहू लागतात. आडोसा उभारून शेजाऱ्याचा चेहरा झाकता येतो. लहानपणापासून अंगी मुरलेली भीड माणसाबरोबर आत येऊन बसतेच.

जिभेने खरे सांगूनही माणूस कळत नाही, याचे ठळक उदाहरण 1985 साली मिळाले. कोका-कोला कंपनीने आपल्या पेयाची नवी, अधिक गोड चव जवळजवळ दोन लाख लोकांना चाखायला दिली होती. जुन्या चवीपेक्षा तिला अधिक पसंती मिळाली होती. 23 एप्रिलला नवे पेय बाजारात आले आणि संतप्त तक्रारींचा पाऊस पडला. 11 जुलैला जुने पेय परत आणण्याची घोषणा करावी लागली. चाखणारे खोटे बोलले नव्हते. त्यांना दोन पेल्यांविषयी विचारले होते. त्यांतला एक पेला कायमचा नाहीसा होणार आहे, ही गोष्ट त्या पेल्यात नव्हती. घोटभर गोडी एक सांगते, आणि बालपणापासूनची सवय दुसरेच.

याहून मोठा प्रश्न हेतूचा आहे. गोडी वाढवत नेली की आवड वाढत जाते आणि एका टप्प्यानंतर उतरू लागते. ‘ब्लिस पॉइंट’ या नावाने ओळखला जाणारा हा शिखरबिंदू शोधण्याच्या कामी ज्यांचे नाव प्रामुख्याने घेतले जाते, ते हॉवर्ड मॉस्कोविट्झ पूर्वी अमेरिकी लष्कराच्या नॅटिक येथील प्रयोगशाळेत होते; पुढे ते खाद्य-उद्योगांचे सल्लागार झाले. भुकेल्या शिपायाने दोन घास अधिक खावेत म्हणून जे शास्त्र वाढले, तेच पोट भरलेल्या मुलाचा हात पुडक्यातून बाहेर येऊ नये म्हणूनही कामी आले. पट्टी तीच, पायऱ्याही त्याच नऊ. कोणासाठी मोजायचे, हे पट्टीवर लिहिलेले नसते.

मराठी समीक्षेने आस्वाद, रुची, रसिक हे शब्द मानाने वापरले. ते सारे मूळचे जेवणाच्या पानावरचे. भरतानेही नाट्यशास्त्रात रसाची उकल करताना व्यंजनांनी सिद्ध झालेल्या अन्नाचा दाखला घेतला. मात्र त्या अन्नाचा आस्वाद घेणारा प्रसन्न मनाचा असावा, असे त्याने गृहीत धरले. प्रयोगशाळा मनाला दाराबाहेर ठेवू पाहते. भरत त्याला पंक्तीत बसवतो. जिभेकडून काय जाणून घ्यायचे आहे, यावर दोहोंचे खरेपण ठरते.

आणि कधीकधी हे कोरडे शास्त्रच घरातली एखादी जखम बुजवते. घरातले वृद्ध गृहस्थ पान बाजूला सारून म्हणतात, ‘पूर्वीची चव राहिली नाही.’ स्वयंपाकघरात हे शब्द आरोपासारखे ऐकू येतात. वस्तुतः ज्याला चव म्हणतात, तिचा मोठा वाटा घास चावताना घशामागून नाकात चढणाऱ्या गंधाचा असतो, आणि वयाबरोबर नाक मंदावत जाते. आमटी तीच असते, हातही तोच असतो. हे ज्या सुनेला उमगते ती दुखावत नाही. फोडणीला थोडे अधिक जिरे घालते, कोथिंबीर वरून ताजी चिरून घालते. मग ‘कसे झाले आहे?’ असे ती विचारत नाही. पाने उचलताना, कोणाच्या पानात काय उरले आहे, एवढेच पाहते.