द्रासची एक रात्र

आम्हां इंदूरकरांना आमच्या थंडीचे मोठे कौतुक. डिसेंबरात पारा सात-आठ अंशांवर उतरला, न्हाणीघरातले खोबरेल बाटलीत थिजले आणि सराफ्यात गराडू तळले जाऊ लागले, की हिवाळा म्हणतात तो हाच, अशी आमची खात्री होते. हा भ्रम २०२२ सालच्या दिवाळीनंतर द्रास येथे एका रात्रीत दूर झाला. त्याबरोबर आणखीही एक भ्रम गेला. तो सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

रजा जोडून आम्ही श्रीनगर पाहावयास गेलो होतो. आमचा एक जुना विद्यार्थी स्वतःची ट्रक चालवितो. पीठमपूरहून औषधांची खोकी घेऊन तो त्याच सुमारास कारगिलला निघाला होता. परतीच्या वाटेवर काश्मिरातली सफरचंदे आमच्या चोइथराम मंडईत आणायची, असा त्याचा बेत. फोनवर तो म्हणाला, "सर, श्रीनगरपर्यंत आलाच आहात, तर कारगिल दाखवतो. क्लीनरची जागा रिकामी आहे." वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी आम्ही क्लीनर झालो.

निघण्यापूर्वी श्रीनगरच्या पंपावर त्याने टाकीत आधी एक औषध मोजून ओतले आणि मग वरून डिझेल भरले. आम्ही कारण विचारले. तो म्हणाला, "सर, खालचं डिझेल संपवत संपवतच वर यायचं. आपल्याकडचं तेल इथं चालत नाही." मागाहून चौकशी केली तेव्हा त्याचे म्हणणे पटले. डिझेलमध्ये मुळातच मेणाचा अंश असतो. थंडीत त्याचे कण धरतात आणि फिल्टर तुंबतो. सपाटीवरच्या उन्हाळी डिझेलला तर आपल्या मानकांप्रमाणे १८ अंशांपर्यंतच फिल्टरमधून सुरळीत वाहण्याचे बंधन आहे. हिवाळी डिझेलला ६ अंशांपर्यंत. म्हणजे पाणी गोठण्याच्या कितीतरी आधी तेल रुसू शकते! लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत न थिजणारे खास डिझेल आणले, ते याच अडचणीवर. पूर्वी चालक डिझेलमध्ये रॉकेल मिसळीत. त्याने थिजणे लांबते, पण तेलाचा ओशटपणा जाऊन पंप झिजतो.

सोनमर्ग मागे टाकून आम्ही जोजिला घाट चढू लागलो. उंची साडेअकरा हजार फूट. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, मध्ये चिखलबर्फाची वाट. सोनमर्गपर्यंतचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा जानेवारी २०२५ मध्ये खुला झाला, पण आम्ही गेलो तेव्हा ती सोय नव्हती. घाटात अडकून पडल्यामुळे द्रासला पोहोचेतो सूर्य डोंगराआड गेला होता. मुक्काम तेथेच करावा लागला.

आम्हाला वाटले, आता हा पोरगा ढाब्यातल्या बुखारीपाशी जाऊन बसेल. पण त्याचे खरे काम आताच सुरू झाले. वाऱ्याला पाठ देऊन त्याने गाडी उभी केली. फिल्टरखालची चावी सैल करून तळाशी साचलेले पाणी काढून टाकले. ब्रेकच्या हवेच्या टाक्यांतला दमटपणा फुस्स करून बाहेर सोडला. तो नळ्यांत गोठला तर सकाळी ब्रेक जाम व्हायचे. हातब्रेक ओढलाच नाही, चाकांपुढे-मागे दगड लावले. ओले ब्रेक आवळून ठेवले तर रात्रीतून चिकटून बसतात, हे आम्हांस नवे होते. रेडिएटरमध्ये निम्मे पाणी आणि निम्मे गोठणरोधक कुलंट आहे, याची त्याने पुन्हा खात्री करून घेतली. शेवटी दोन्ही बॅटऱ्या सोडवून तो त्या पोटाशी धरून आत घेऊन आला.

"अरे, हे सारे सकाळी नाही का करता येणार?" आम्ही कुडकुडत विचारले.

"सकाळी काहीच करता येत नाही, सर. जे करायचं ते संध्याकाळीच."

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आम्ही फळ्यावर शेकडो वेळा लिहिले असेल. त्याचा अर्थ त्या संध्याकाळी समजला.

पहाटे पाणी पिण्यासाठी बादलीत तांब्या घातला, तो खणकन वाजला. बाहेर शेजारच्या ट्रकचा सेल्फ घरघरत होता, दर खेपेस अधिक क्षीण. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने तेल पेटते. गारठलेले लोखंड ती उष्णताच पिऊन टाकते, घट्ट झालेले वंगण इंजिनाला फिरू देत नाही आणि बॅटरीचेही बळ अर्धे होते. त्या चालकाने खालच्या मुलखातले डिझेल भरून आणले होते. फिल्टर उघडला, तर आत थिजलेल्या तुपासारखा पांढुरका गोळा! वैतागून त्याने चिंध्यांचा बोळा डिझेलमध्ये बुडविला आणि तो पेटवून टाकीखाली सरकवू लागला.

आमचा विद्यार्थी धावला. बोळा लाथेने दूर उडवून त्याने त्याचा हात धरला. "भाईसाब, गाडी तो जाएगी, आप भी जाओगे!" मग ढाब्यातून गरम पाणी आले. थंड लोखंडावर उकळते पाणी थेट ओतले तर ते तडकण्याची भीती. म्हणून फडकी भिजवून ती नळ्यांना गुंडाळायची, निवली की पुन्हा भिजवायची. आमच्याकडे फडकी पिळण्याचे काम आले. स्वतःजवळचा जादा फिल्टरही त्याने देऊन टाकला. दोन तासांनी, उन्हे अंगणात उतरल्यावर, ती ट्रक काळा धूर ओकत जागी झाली. आमची गाडी मात्र बॅटऱ्या लावताच दुसऱ्या सेल्फला सुरू झाली होती.

चहा पिताना आम्ही म्हटले, "हे सगळे शिकलास कोठे?"

"पहिल्या वर्षी इथंच इंजिन फोडून घेतलं, सर. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी होतं. ब्लॉकला हाताएवढी चीर गेली. त्या रात्री नववीतला तास आठवला. विज्ञानाच्या सरांनी काचेची बाटली पाण्याने भरून, बूच लावून मीठ घातलेल्या बर्फात ठेवली होती. ती फुटली होती."

क्षणभर थांबून तो हसत म्हणाला, "तुम्हीच म्हणाला होतात, 'अभ्यास कर, नाहीतर ट्रक हाकशील.' तुमचं ऐकलं बघा!"

त्याच्या हसण्यात सल नव्हता. आम्ही मात्र पेल्यातून मान वर करू शकलो नाही. ते वाक्य आमचेच. तीस वर्षांत कितीजणांना ऐकविले, त्याची मोजदाद नाही. विज्ञानाच्या शिक्षकांनी त्या मुलाला एक फुटकी बाटली दिली आणि ती त्याच्या जन्माला पुरली. आम्ही काय दिले? एक टोमणा, तोही अशा कामाला हलके लेखणारा, जे आम्हाला एक रात्रही जमले नसते.

कारगिलला खोकी उतरली. औषधाची एकही बाटली तडकली नव्हती. पावतीवर सही घेऊन त्याने ती घडी घालून खिशात ठेवली आणि लगेच टायर तपासू लागला. संध्याकाळ व्हायला अजून चार तास होते.

इंदूरला परतल्यावर आठवड्याभरातच नववीच्या वर्गात एक मुलगा शेवटच्या बाकावर झोपलेला आढळला. सवयीने ते वाक्य ओठांवर आले. ते आम्ही गिळले. त्याला उठविले आणि रात्री झोप का झाली नाही, एवढेच विचारले.