घोडा पारखता, मग पाळणा का नाही?

मॉल-मल्टिप्लेक्सच्या वीकेंडचा कंटाळा आलाय? मग दत्तजयंतीला सारंगखेडा गाठा. नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात, तापीकाठचं हे गाव. सुरत-भुसावळ लाइनवर दोंडाईचाला उतरायचं, पुढे रस्त्याने.

एकमुखी दत्ताच्या या यात्रेची शान म्हणजे घोडेबाजार! मारवाडी, काठियावाडी, एकापेक्षा एक ऐटबाज जनावरं. आणि गिऱ्हाइकं काय चोखंदळ! दात बघतील, खूर उचलतील, भोवरे तपासतील, पळवून चाल बघतील. मनात जरा शंका आली की पुढे.

पाळण्यांकडे वळलं की मात्र हा चोखंदळपणा गायब. तिकीट घेतलं, पोराला बसवलं, मोबाइल काढला. खरं तर यात्रेतले पाळणे ट्रकमधून सुटे येतात आणि मैदानात जोडले जातात. प्रत्येक गावी नट-बोल्ट नव्याने कसायचे. कायमच्या राइड्सचीही खात्री नाहीच. १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरियात झुलती राइड तुटून दोघांचा जीव गेला.

माझ्या सात वर्षांच्या भाचीने ‘ब्रेक डान्स’साठी हट्ट धरला. मी आधी एक फेरी नुसती बघितली. दोघांत एकच दांडा. तो मोठ्याच्या मांडीवर टेकतो, शेजारच्या पोराच्या पोटापुढे मोकळी जागा राहते. जोराचा हिसका बसला तर पोर खालून घसरणारच. ‘‘मामा, मी घाबरत नाही!’’ भाची म्हणाली. पण प्रश्न धाडसाचा नव्हताच, उंचीचा होता. आम्ही छोट्या आगगाडीत बसलो. पाच मिनिटं फुरंगटली, मग गरम जिलेबीवर तह झाला.

तर मंडळी, पाळणाही पारखा. पाया पक्का आहे? दांड्याची पिन लागते? चालवणारा प्रत्येक दांडा स्वतः ओढून बघतो? पाळण्याभोवती कठडा आहे? मुलींचे केस बांधा, ओढणी-मफलर काढून ठेवा. गोल फिरणाऱ्या पाळण्यात मूल आतल्या बाजूला, मोठं माणूस बाहेरच्या. नाहीतर वेगात मोठ्याचा सगळा भार मुलावर येतो. पाळणा पूर्ण थांबेपर्यंत उठायचं नाही, हे मुलाला आधीच सांगा. उंचीची अट लिहिलेली असेल तर ‘‘चालवून घ्या हो’’ म्हणू नका.

आणि शंका आली तर? घोड्याच्या गिऱ्हाइकासारखं सरळ पुढे चला. यात्रा मोठी आहे.