कारणाचा रकाना

रजेच्या अर्जात कारणाचा एक रकाना असतो. त्यात ती कधी ‘ताप’ लिहायची, कधी ‘मुलाच्या शाळेत पालकसभा’, एकदा तर ‘गॅस एजन्सीत केवायसी’. पुण्यातल्या आमच्या ऑफिसात ती माझ्या शेजारी बसायची. आम्ही दोघी ऑस्ट्रेलियातल्या एका क्लायंटचे पगार काढायचो. तिथल्या माणसांच्या रजा आम्हाला तोंडपाठ होत्या, एकमेकींच्या नव्हत्या.

२०२३ च्या सुरुवातीला त्या क्लायंटकडून नव्या नियमाची मेल आली. ऑस्ट्रेलियात १ फेब्रुवारीपासून घरगुती हिंसा सोसणाऱ्या कर्मचाऱ्याला वर्षाला १० दिवस भरपगारी रजा मिळणार होती. १५ पेक्षा कमी माणसं असलेल्या धंद्यांना १ ऑगस्टपर्यंत मुदत होती. अर्धवेळ असो की कॅज्युअल कामगार, रजा सगळ्यांना. ती थोडी थोडी साठत जात नाही, पहिल्या दिवसापासून पूर्ण खात्यावर असते. कोर्टाची तारीख, पोलीस, समुपदेशन, नवं घर बघणं, असं कामाच्या वेळेतच करावं लागतं त्यासाठी ही रजा.

खरी गोम पुढे होती. पेस्लिपवर या रजेचं नाव दिसता कामा नये, शिल्लक किती तेही नाही. ते दिवस नेहमीच्या कामाच्या तासांसारखे दाखवायचे. टीममधला एक मुलगा म्हणाला, “म्हणजे न आलेल्याला आलेला दाखवायचा?” सगळे हसले. पगार खात्यात याच गोष्टीवरून नोकऱ्या जातात.

ती हसली नाही. “नवरा स्लिप बघतो ना,” एवढंच म्हणाली आणि स्क्रीनकडे वळली.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलं जूनमध्ये, तिच्या सीएल संपल्यावर. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच तिने विचारलं, “आपल्याकडे असं काही आहे का गं?” मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पालकसभेच्या दिवशी ती संरक्षण अधिकाऱ्याच्या ऑफिसात बसली होती. केवायसीच्या दिवशी कोर्टात होती. ताप मात्र खरा होता. आदल्या रात्री तिला जिन्यात उभं ठेवलं होतं.

मी शोधायला लागले. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ सीएल आहेत, आणि भरलेल्या दिवसांच्या हिशेबाने पगारी रजा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात चौकशी चालू असताना ३ महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते, पण छळणारा घरचा असेल तर तो कायदा लागू होत नाही. राहिला २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा. त्यात पहिली तारीख सहसा ३ दिवसांत, निकाल ६० दिवसांत लावण्याचा प्रयत्न, असं म्हटलंय. तिचे साठ दिवस केव्हाच उलटले होते. त्याच कायद्याने मॅजिस्ट्रेट नवऱ्याला बायकोच्या नोकरीच्या ठिकाणी पाऊल टाकायला मनाई करू शकतो. कायदा ऑफिसच्या दारापर्यंत येतो आणि मस्टरपाशी थांबतो, याचं मला आजही नवल वाटतं.

ही श्रीमंत देशांची चैन म्हणावी, तर फिलिपिन्सने अशी १० दिवसांची पगारी रजा २००४ सालीच दिली. न्यूझीलंडची आली २०१९ मध्ये. आणि आपल्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत लग्न झालेल्या २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं होतं. आमच्या मजल्यावर किती जणी असतील, हा हिशेब करायला एक्सेल लागत नाही.

एचआरच्या मॅडम भल्या होत्या. “पॉलिसीत नाही गं,” म्हणाल्या, “पण आजारपणाची टाक, मी सर्टिफिकेट मागणार नाही.” त्यांच्या जागी दुसरं कोणी असतं तर? हा प्रश्न मी तिला विचारला नाही. मॅडमनी गेटवरच्या वॉचमनलाही सांगून ठेवलं, आणि तिची शिफ्ट बदलली.

सगळ्यात मोठं काम मात्र आमच्याच खात्यातलं निघालं. तिचा पगार जॉइंट अकाउंटला जमा होत होता आणि एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात. पेस्लिप ज्या मेलवर जायची त्याचा पासवर्डही त्याच्याकडे. बाईचा पैसा असा दाबून ठेवणं हासुद्धा त्या २००५ च्या कायद्यात हिंसाचारच आहे. तिने दुसऱ्या बँकेत स्वतःच्या नावावर खातं काढलं, नवी मेल उघडली. बदलाचा फॉर्म मी भरला, तिने सही केली. सात मिनिटं लागली असतील. वकिलाच्या पहिल्या फीचे पैसे त्याच खात्यातून गेले.

जुलैचा पगार काढताना ऑस्ट्रेलियाच्या यादीत एका नावापुढे त्या रजेचे तीन दिवस दिसले. कोण, कुठली, काही माहीत नाही. मी ते तीन दिवस कामाच्या तासांत टाकले, स्लिप उघडून दोनदा तपासली आणि पाठवून दिली. शेजारची खुर्ची रिकामी होती. तिची कोर्टाची तारीख होती. आमच्या सिस्टीममध्ये कारण लिहिलं होतं: ताप.